सायकलीच्या चेनला तेल कोणते?

सायकल बहुतेकांना चालवता येते. पण तिच्या चेनला तेल कोणते घालावे असे विचारले, तर दहा जण दहा उत्तरे देतात. कोणी म्हणतो शिलाई मशीनचे, कोणी म्हणतो मोटारीतून काढलेले जुने ऑइल, कोणी ग्रीस सुचवितो, तर कोणी घरातली खोबरेलाची बाटली पुढे करतो. ‘तेल ते तेल, त्यात काय पाहायचे?’ असे म्हणून प्रश्नच निकालात काढणारेही पुष्कळ आहेत. कला शाखेच्या विद्यार्थ्याने ह्या वादात कशाला पडावे, असे आमच्या प्राध्यापकांपैकी कोणी विचारतील. त्याचे कारण आमच्या महाविद्यालयाच्या सायकल-स्टँडवरच उभे आहे. येथे येणाऱ्या मुलामुलींपैकी अनेक जण आठ-दहा, कोणी बारा किलोमीटरवरच्या वाड्यावस्त्यांतून सायकलीने येतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला, तेव्हा मी अकरावीत होतो. त्या महिन्यांत ज्यांच्या घरी चालती सायकल होती ते वर्गात दिसत. ज्यांच्या घरी नव्हती त्यांच्या जागा रिकाम्या राहत. ‘चालती’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. घराच्या भिंतीला टेकून उभी असलेली, पण चेन सारखी उतरते म्हणून कोणी बाहेर न काढलेली सायकल, ही नसल्यासारखीच.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन व निशिथ प्रकाश ह्या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास करून २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवून दिले, की त्या योजनेमुळे योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले. सायकल मुलीला शाळेत पोचविते, हे त्यावरून सिद्ध झाले. परंतु सायकलीला रोज पोचविणारी वस्तू म्हणजे तिची चेन. तिची निगा हा विषय क्षुद्र वाटला, तरी तो तसा नाही.

चेनची रचना

तेल कोणते हे ठरविण्यापूर्वी ते कोठे जायला हवे, हे समजले पाहिजे. त्यासाठी चेनचा एक दुवा डोळ्यांजवळ धरून पाहावा. बाहेरच्या दोन पट्ट्या असतात आणि त्या दोन पिनांनी जोडलेल्या असतात. त्यांच्या आत दोन पट्ट्यांची दुसरी जोडी असते. ह्या आतल्या पट्ट्यांमध्ये एक बारीकशी नळी बसविलेली असते. तिला बुश म्हणतात. पिन ह्या बुशमधून आरपार जाते. बुशवर बाहेरून एक सैल गोल कडे फिरते, ते रोलर. दातेरी चक्राचा दात टेकतो तो ह्या रोलरवर. ही रचना स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या व इंग्लंडमध्ये मँचेस्टरला स्थायिक झालेल्या हान्स रेनॉल्ड ह्या अभियंत्याची. त्याने तिचे पेटंट १८८० साली घेतले. पाचच वर्षांनी, १८८५ साली, जॉन केम्प स्टार्ली ह्याने ‘रोव्हर’ नावाची सायकल बाजारात आणली. तिच्यात पायाचा जोर चेनमार्फत मागच्या चाकाला मिळत होता आणि दोन्ही चाके जवळजवळ सारख्या आकाराची होती. आज आपण जिला सायकल म्हणतो ती हीच. गिअरच्या नव्या सायकलींच्या चेनमध्ये बुश वेगळा नसतो, आतल्या पट्टीचाच काठ वळवून ते काम साधलेले असते. पण तत्त्व तेच.

एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर सर्वत्र अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. साध्या सायकलीच्या चेनमध्ये असे ११२ च्या आसपास सांधे असतात. चेन चक्रावर चढताना प्रत्येक सांधा थोडा वाकतो आणि चक्रावरून उतरताना पुन्हा सरळ होतो. चक्र १८ दातांचे असेल तर सांधा ३६० भागिले १८, म्हणजे २० अंश वाकतो. ४४ दातांचे असेल तर सुमारे ८ अंश. हे वाकणे म्हणजेच पिन बुशच्या आत फिरणे. खरे घर्षण तेथे आहे, म्हणजे डोळ्यांना अजिबात न दिसणाऱ्या जागी. बाहेरून दिसणाऱ्या पट्ट्यांच्या पृष्ठभागावर घर्षण जवळजवळ नाहीच.

हे वाकणे किती वेळा घडते, ह्याचा एक हिशेब मांडून पाहू. पुढचे चक्र ४४ दातांचे, मागचे १८ दातांचे आणि चाक २८ इंची धरले, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ५.४ मीटर पुढे जाते. बारा किलोमीटरसाठी पायडलचे सुमारे २,२२० फेरे होतात. तेवढ्यात चेन स्वतःभोवती सुमारे ८७० वेळा फिरते आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा चार वेळा हलतो: पुढच्या चक्रावर चढताना व उतरताना, मागच्या चक्रावर चढताना व उतरताना. म्हणजे एका बाजूच्या बारा किलोमीटरांत एकेक सांधा जवळजवळ साडेतीन हजार वेळा हलतो. येऊन-जाऊन सात हजार. सांधे ११२, तेव्हा दिवसाकाठी पावणेआठ लाखांवर हालचाली. ह्यांतील निम्म्या वरच्या, ताणलेल्या बाजूला होतात, म्हणजे आपल्या पायाचा सारा जोर सोसत होतात. बाजारात विकत मिळणाऱ्या दुसऱ्या कोणत्या स्वस्त वस्तूकडून आपण इतके काम निमूटपणे करून घेतो, मला ठाऊक नाही.

‘चेन लांबली’ म्हणजे काय?

चेन जुनी झाली की सायकलवाला म्हणतो, ‘चेन लांबली, बदलावी लागेल.’ ऐकणाऱ्याला वाटते, रबरासारखी ओढली जाऊन ती लांबली असावी. वस्तुतः पोलादाच्या पट्ट्या तशा लांबत नाहीत. पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात, प्रत्येक सांध्यात किंचित पोकळी होते आणि अशा अनेक पोकळ्यांची बेरीज होऊन चेन लांब भरते.

ही झीज घरच्या घरी मोजता येते. शाळेतली बारा इंची पट्टी घ्यावी. चेन ताणलेली असताना पट्टीचे शून्य एका पिनेच्या मध्यावर धरावे. नव्या चेनमध्ये चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर येते. ती एक-सोळांश इंचाने पुढे गेली असेल, तर चेन बदलण्याची वेळ झाली असे समजावे. एक-अष्टमांश इंच पुढे गेली असेल, तर चेनने चक्रांचे दातही खाल्लेले असतात. मग नुसती चेन बदलून भागत नाही, चक्रेही बदलावी लागतात. गंमत अशी की एक-सोळांश इंच चोवीस सांध्यांत वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ०.०६६ मिलिमीटर येते. हे माप माणसाच्या केसाच्या जाडीएवढे आहे. केसभर झीज झाली की चेन निकामी! ती केसभर झीज सहा महिन्यांत व्हावी की तीन वर्षांत, हे पुष्कळसे आपण घातलेल्या तेलावर अवलंबून असते.

हा लेख लिहायला घेतल्यावर ज्यांनी परवानगी दिली, त्यांच्या सायकलींना मी पट्टी लावून पाहिली. जास्त झिजलेल्या चेनी कोरड्या असतील अशी माझी अपेक्षा होती. कोरड्या, तांबेरलेल्या चेनी झिजलेल्या होत्याच. परंतु काळ्याकुट्ट तेलाने माखलेल्या चेनीही तितक्याच झिजलेल्या निघाल्या. तेल कमी पडल्याने चेन झिजते हे सर्वांना कळते. चुकीच्या जागी, जास्त घातलेल्या तेलानेही ती झिजते, हे सहसा कळत नाही.

ह्याचे स्पष्टीकरण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. खरकटे भांडे नुसत्या पाण्याने निघत नाही. काथ्याला ओली राख लावली की लख्ख निघते. राखेचे बारीक कण ओलाव्याने भांड्याला चिकटून राहतात आणि घासण्याचे काम करतात. चेनवर नेमके तेच घडते. बाहेरच्या पट्ट्यांवर तेलाचा थर राहिला, की रस्त्याची धूळ त्याला चिकटते. ती धूळ म्हणजे नुसती माती नव्हे; तीत वाळूचे कण असतात, रस्त्यावरच्या काळ्या खडीचा चुरा असतो. तेल तिला ओली ठेवते आणि हळूहळू पट्ट्यांच्या फटीतून पिनेपर्यंत घेऊन जाते. जे तेल सांधा वाचवायला घातले, तेच त्याला घासणारा लेप बनते. पुसल्यावर चिंधीला लागणारा काळा रंग हा बराचसा ह्या झिजलेल्या पोलादाचा आणि धुळीचाच असतो.

येथे भाषेच्या अभ्यासकांना रुचेल अशी एक गोष्ट सांगावीशी वाटते. वर्षातून एकदा सायकल पूर्ण खोलून, धुऊन, पुन्हा जोडून घेण्याला इंग्रजी शब्द आहे ओव्हरहॉलिंग. आमच्या गावात कित्येक जण त्याला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात. परक्या शब्दाला ओळखीचा अर्थ चिकटवून घेण्याच्या ह्या प्रकाराला भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात. लोकव्युत्पत्ती बहुधा निरुपद्रवी असते. ही मात्र चेनच्या जिवावर उठली आहे. कारण शब्द तसाच आचार. ब्रश तेलात बुडवून चेनवर फिरविला आणि चेन टपटप गळू लागली, की गिऱ्हाईक खूश होते.

प्रयोगशाळा काय म्हणते

तेलाने सायकल हलकी चालते, असा सर्वांचा समज आहे. त्याविषयी एक प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जेम्स स्पायसर ह्या संशोधकाने १९९९ साली आपल्या सहकाऱ्यांसह सायकलीच्या चेनची कार्यक्षमता मोजली. पायडलला दिलेल्या शक्तीपैकी किती मागच्या चाकापर्यंत पोचते आणि किती उष्णतेत वाया जाते, हे त्यांनी पाहिले. त्यासाठी उष्णता टिपणारा कॅमेराही वापरला. सर्वोत्तम स्थितीत ९८.६ टक्के शक्ती चाकापर्यंत पोचते, असे आढळले. म्हणजे रेनॉल्डची ही साधी रचना यंत्रांच्या जगात अव्वल ठरली. दुसरा निष्कर्ष अधिक चमत्कारिक होता. स्वच्छ प्रयोगशाळेत वंगण बदलले तरी कार्यक्षमतेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुढे इतरांनी अधिक सूक्ष्म मोजमापे केली, तेव्हा वंगणावंगणांत काही वॅटचा फरक दिसला आणि त्यांत साध्या मेणाची बाजू वरचढ ठरली. शर्यतीत उतरणाऱ्याला ते काही वॅट मोलाचे, आपल्याला नाहीत.

मग तेल घालायचे तरी कशाला? स्पायसर ह्यांच्या प्रयोगातच त्याचे उत्तर आहे. प्रयोगशाळेत धूळ नव्हती, पाऊस नव्हता. रस्त्यावर दोन्ही आहेत. तेथे वंगणाचे मुख्य काम म्हणजे सांध्याची जागा अडवून ठेवणे, म्हणजे आत धूळ आणि पाणी शिरणार नाही, गंज चढणार नाही आणि धातूवर धातू उघडा घासणार नाही. तेव्हा चांगल्या वंगणाची तीन लक्षणे ठरतात. ते इतके पातळ हवे की फटीतून पिनेपर्यंत पोचेल. इतके चिवट हवे की पोचल्यावर तेथे टिकेल. आणि बाहेर राहिलेले इतके कमी चिकट हवे की धूळ धरणार नाही. ही तीन लक्षणे एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. पातळ तेल आत जाते, पण टिकत नाही. दाट तेल टिकते, पण आत जात नाही आणि धूळ गोळा करते. म्हणून सर्व ऋतूंत, सर्व रस्त्यांवर चालणारे एकच तेल नाही. निवड म्हणजे ह्या तिघांत केलेली तडजोड होय.

एकेक तेल पारखून

आता नेहमी सुचविली जाणारी वंगणे ह्या कसोटीवर लावून पाहू.

पहिले घरातले खाण्याचे तेल. ‘तैल’ हा शब्दच ‘तिल’ म्हणजे तिळावरून आला; तेव्हा मान प्रथम त्याचा. परंतु करडई, जवस, सूर्यफूल अशी बियांची तेले हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होतात. चित्रकार तैलरंगांत जवसाचे तेल वापरतात ते ह्याच गुणासाठी. ते वाळून कॅनव्हासवर टणक पापुद्रा धरते. चित्राला तो गुण, चेनला अवगुण. काही आठवड्यांत सांध्यात चिकटा तयार होतो. खोबरेल तसे लवकर चिकटत नाही. पण सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली ते थिजू लागते. डिसेंबरच्या सकाळी बाटलीत जे होते तेच चेनमध्ये होते. एरंडेलाची परंपरा मोठी आहे. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांना तेच घालीत, आणि ‘कॅस्ट्रॉल’ ह्या नावातही एरंडाचे इंग्रजी नाव दडलेले आहे. पण तेही कालांतराने चिकट होते. अडचणीच्या वेळी घरचे तेल चालेल. नेमाने घालू नये.

दुसरे ग्रीस. बैलगाडीच्या आसाला वंगण आणि सायकलीच्या बेअरिंगला ग्रीस योग्यच, कारण तेथे ते खोलून आत भरता येते. चेनचा सांधा खोलता येत नाही. वरून फासलेले ग्रीस पिनेपर्यंत जाऊ शकत नाही. ते बाहेर बसून धूळ गोळा करते. नव्या चेनला कारखान्यातून जे वंगण येते ते मात्र वेगळे. ते सांध्यात आतपर्यंत पोचलेले असते. म्हणून नवी चेन आणल्याबरोबर रॉकेलने धुऊ नये. कोरड्या चिंधीने बाहेरून पुसावी आणि तशीच वापरावी.

तिसरे मोटारसायकलीचे जुने, काढून टाकलेले ऑइल. हे फुकट मिळते, म्हणून सर्वांत लोकप्रिय. परंतु ते काढून टाकले ते का, ह्याचा विचार करावा. त्यात इंजिनातील झिजलेल्या धातूचे कण असतात, काजळी असते, आम्ले असतात. धूळ बाहेरून यायच्या आधीच आपण ती तेलातून आत घालतो. शिवाय हे जुने ऑइल वारंवार हाताला लागणे त्वचेला घातक आहे. त्यात कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये असतात. दिवसभर त्यात हात बुडविणाऱ्या सायकलवाल्यांची मला काळजी वाटते, ती ह्यामुळे.

चौथे नवे इंजिन ऑइल, म्हणजे दुचाकीचे साधे २०-डब्ल्यू-४० जातीचे. हे स्वच्छ असते, पाण्याने चटकन धुऊन जात नाही आणि गंजापासून बरे रक्षण करते. दाट असल्याने आत जायला वेळ लागतो आणि धूळही धरते. मात्र थोडे घालून बाहेरून पुसून काढले, तर पावसाळ्यात ते चांगले काम देते.

पाचवे शिलाई मशीनचे तेल. स्वच्छ, पातळ, खनिज तेल. सांध्यात लगेच शिरते, वाळून चिकटत नाही, धूळ कमी धरते. उणीव एकच, ते लवकर उडून व धुऊन जाते. पावसात एकाच फेरीत त्याचा मागमूस राहत नाही. कोरड्या दिवसांत आठवड्याला एकदा घालण्याची तयारी असेल, तर गरिबाला ह्याहून चांगले तेल नाही. ह्याच जातीतले ‘थ्री-इन-वन’ नावाचे तेल तर १८९४ साली अमेरिकेत खास सायकलीसाठी निघाले. साफ करणे, वंगण करणे आणि गंज रोखणे, ही त्यातली तीन कामे.

सहावे फवाऱ्याच्या डब्यातील डब्ल्यूडी-४०. ह्या नावाचा अर्थच ‘पाणी हटविणारे, चाळिसावा प्रयत्न’ असा आहे. १९५३ साली अमेरिकेत ते तयार झाले आणि पुढे ‘ॲटलास’ क्षेपणास्त्राच्या बाह्य कवचाला गंज चढू नये म्हणून वापरले गेले. भिजलेल्या चेनमधील पाणी काढायला ते उत्तम. पण वंगण म्हणून ते फार पातळ. ते फवारून समाधान मानू नये. चेन सुकवून वर खरे तेल घालावे.

सातवे मेण. मेणबत्तीचे, म्हणजे पॅराफिनचे मेण साठ अंशांच्या आसपास वितळते. चेन काढून, जुन्या तेलाचा अंशही राहणार नाही अशी धुऊन व वाळवून, ती पातळ मेणात बुडवितात. सांध्यांतील हवेचे बुडबुडे निघायचे थांबले, की मेण आत पोचले असे समजावे. नंतर टांगून निथळू द्यावी. आत घट्ट झालेले मेण सांधा भरून टाकते आणि बाहेरचे कोरडे असल्याने धूळ चिकटतच नाही. कोरड्या रस्त्यावर दोन-तीनशे किलोमीटर ते चांगले टिकते, आणि हात काळे होत नाहीत हा आणखी लाभ. पावसात मात्र गंजापासून ते पुरते रक्षण करीत नाही. मेणाचा डबा थेट जाळावर ठेवू नये, मेण पेट घेते. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात तो ठेवून मेण वितळवावे.

मोठ्या शहरांतील दुकानांत आता ‘ड्राय’ आणि ‘वेट’ अशी दोन नावे लावलेल्या बाटल्या मिळतात. ‘ड्राय’मध्ये मेण किंवा तत्सम पदार्थ पातळ द्रवात मिसळलेला असतो, द्रव उडून जातो आणि कोरडा थर राहतो. ‘वेट’ म्हणजे दाट, चिवट तेल. एक कोरड्या हवेसाठी, दुसरे पावसासाठी. वर सांगितलेली तडजोडच येथे बाटलीत भरून, बऱ्याच चढ्या किमतीला विकलेली आहे. परवडेल त्याने जरूर घ्यावी. न परवडल्याने काही बिघडत नाही.

रस्ता आणि ऋतू पाहून

महाराष्ट्रात ही निवड एकसारखी असू शकत नाही. रत्नागिरीकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सोलापूर-अहिल्यानगरकडे ५०० ते ७०० च्या आसपास. कोकणात शत्रू पाणी आणि किनाऱ्यालगतची खारी हवा. देशावर शत्रू धूळ. म्हणून कोकणात पावसाळ्यात नवे इंजिन ऑइल किंवा ‘वेट’ जातीचे तेल घालावे, आणि मोठ्या पावसात भिजल्यावर त्याच संध्याकाळी चेन पुसून पुन्हा थोडे घालावे. देशावर दिवाळीपासून मेअखेरपर्यंत शिलाई मशीनचे तेल किंवा मेण बरे. मृगाचा पाऊस सुरू झाला की दाट तेलाकडे वळावे. उसाच्या हंगामात ज्यांचा रस्ता ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या धुरळ्यातून जातो, त्यांनी दाट तेलाच्या वाटेला जाऊच नये. ज्यांच्या सायकलीला पूर्ण चेनकव्हर आहे ते भाग्यवान. त्यांना दाट तेलही चालते, कारण धूळ आत येतच नाही. इंग्लंडमधील जुन्या ‘सनबीम’ सायकलींची चेन तर तेल भरलेल्या बंद पेटीतच फिरत असे. अलीकडे शोभेसाठी चेनकव्हर काढून टाकण्याची किंवा अर्धेच बसविण्याची पद्धत पडली आहे. शोभा वाढते, चेनचे आयुष्य घटते.

तेल घालण्याची रीत

तेल कोणतेही निवडा, घालण्याची रीत चुकली तर सारे व्यर्थ. म्हणून ती क्रमाने सांगतो.

आधी पुसणे. सायकल स्टँडवर लावून चेन सुती चिंधीत धरावी आणि पायडल उलटे फिरवावे. फारच घाण असेल तर जुन्या दात घासायच्या ब्रशने रॉकेल किंवा डिझेल लावून घासावी. पेट्रोल वापरू नये, ते फार लवकर पेटते. नंतर चेन पूर्ण वाळू द्यावी. आत रॉकेल राहिले तर वर घातलेले तेल पातळ होऊन वाहून जाते.

मग तेल. ओतायचे नाही, ब्रशने फासायचे नाही, थेंब टाकायचा. चेनच्या खालच्या पदराला आतल्या बाजूने, रोलरच्या दोन्ही कडांशी जेथे पट्ट्या एकमेकींना भिडतात तेथे, एकेका सांध्याला एक थेंब. चेनलॉकपासून सुरुवात केली म्हणजे कोठून निघालो ते कळते. ११२ थेंब म्हणजे फार काम वाटेल. प्रत्यक्षात सात-आठ मिनिटे लागतात. मग पायडल वीस-पंचवीस वेळा उलटे फिरवावे, म्हणजे सांधे हलून तेल आत ओढले जाते.

शेवटी पुन्हा पुसणे. ह्या पायरीला बहुतेक जण फाटा देतात आणि खरे महत्त्व हिलाच आहे. तेल रात्री घालून सकाळी निघण्यापूर्वी कोरड्या चिंधीने चेन बाहेरून पुसून काढावी, इतकी की बोटाला जेमतेम ओशटपणा लागेल. आत गेलेले तेल पुसले जात नाही. बाहेरचे राहिले तर ते धुळीसाठीच राहते. रिमवर आणि ब्रेकच्या रबरांवर थेंबही उडू देऊ नये. उताराला ब्रेक लागला नाही, तर चेनची काळजी करायला आपणच उरणार नाही.

चेन केव्हा मागते, हे ती स्वतः सांगते. बारीक किणकिण किंवा चिमण्यांसारखी चिवचिव ऐकू आली, की सांधे कोरडे पडले. त्या वेळी बाहेरून काळी दिसत असली तरी ती उपाशी आहे असे समजावे, आणि आधी पुसून मगच थेंब द्यावा.

संस्कृतात तेलाला आणि प्रेमाला ‘स्नेह’ हा एकच शब्द आहे. वंगण घालण्याला आपण स्नेहन म्हणतो ते त्यावरूनच. साऱ्या विवेचनाचे तात्पर्य एका वाक्यात सांगायचे तर, स्नेह दिसण्यासाठी नसतो, सांध्यात पोचण्यासाठी असतो. आमच्या स्टँडवरच्या ज्या सायकली बाहेरून चकाकतात त्यांपेक्षा ज्या आवाज करीत नाहीत त्या अधिक निगेच्या, हे आता ओळखू लागलो आहे. येत्या जूनमध्ये पहिला पाऊस पडण्यापूर्वी एक पट्टी, एक चिंधी आणि शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली एवढे सामान आमच्या स्टँडच्या खोलीत ठेवता आले, तर लांबून येणाऱ्या मुलामुलींची मोठी सोय होईल. खर्च नाममात्र आहे. विद्यार्थी मंडळाने आणि प्राचार्यांनी ह्याचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.